डाव्या पंखाची फट

कर्जतच्या बाजारपेठेत त्र्यंबक कर्णिकांचं घड्याळांचं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना खुर्ची मागे घ्यावी लागे आणि ते बाहेर पडलं की पुन्हा पुढे. दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर आणि वर एक माडी. त्या माडीवर मी नऊ वर्षं राहिले. मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. कर्णिकांच्या बायकोनं, कमळाकाकूंनी, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "माशांचा वास चालेल ना?" मी हो म्हटलं. "मग आण ट्रंक," म्हणाल्या.

काका बुटके होते. उजव्या डोळ्याला सतत भिंग लावून त्या भुवईखाली कायमचा वळ पडला होता. भिंग काढलं तरी तो डोळा अर्धा मिटलेलाच राही, त्यामुळे आपल्याशी बोलतानाही ते आपल्यातला बिघाड शोधत आहेत असं वाटे. वेळ विचारली तर एका घड्याळावर त्यांचा भरवसा नसे. भिंतीवरचं बघत, मग खिशातलं काढत, मग म्हणत, "सव्वापाच. थोडं इकडेतिकडे." काकू आतून ओरडत, "जन्मभर घड्याळं दुरुस्त करतायत, आणि वेळ सांगायला घाबरतात!"

दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच कुणाला देत नसत. तीन दिवस स्वतःच्या उशाखाली ठेवत. एकदा एक बडे अंमलदार फिरतीवर आले होते. त्यांच्या घड्याळाचं काम संध्याकाळी झालं आणि ते टेबलावर टिकटिकत होतं. साहेबांनी हात पुढे केला. काका म्हणाले, "चालतंय साहेब. पण माझा अजून विश्वास बसलेला नाही."

"किती वेळ लागतो तुमचा विश्वास बसायला?"

"तीन दिवस."

साहेब बिनघड्याळाचे गेले आणि चौथ्या दिवशी शिपाई पाठवून त्यांनी ते नेलं. माझ्या वडिलांच्या जुन्या घड्याळाला नवं चक्र बसत नव्हतं तेव्हा मी म्हटलं होतं, "काका, थोडं कानशीनं घासलं तर?" त्यांनी भिंग काढलं. "बाई, जे बसत नाही त्याचं काहीतरी म्हणणं असतं. ते ऐकायचं सोडून घासत सुटायचं?" अकरा दिवस लागले. चक्र मात्र बसलं.

लढाई सुरू झाली आणि गावात हवाई हल्ल्याच्या बंदोबस्तासाठी वॉर्डन नेमले. अशा माणसाला वॉर्डन करणार नाहीत तर कुणाला? दंडावर पट्टा, गळ्यात शिट्टी, डोक्यावर लोखंडी टोपी घालून काका संध्याकाळी पेठेतून फिरत. खिडक्यांना काळे कागद त्यांनी स्वतः खळ लावून चिकटवले. कमळाकाकूंच्या तुळशीपुढची पणतीही ते फुंकर मारून विझवत आणि काकू दोन दिवस अबोला धरत. पेठेतली माणसं चेष्टा करत, "जपान काय कर्जतला यायला बसलाय?" काका म्हणत, "ते मला ठाऊक नाही. हुकूम आहे." पुढे बाकीच्या वॉर्डनांनी टोप्या खुंटीला लावल्या. काकांनी लावली नाही.

लढाईचं चौथं वर्ष असेल. नवरात्र होतं. परतीच्या पावसाचे ढग दुपारपासून घाटावर बसले होते. देवीच्या देवळापुढे दिवेलागणीला कीर्तन सुरू झालं, नवरात्रापुरत्या वरच्या परवानगीनं दोन गॅसबत्त्या लावल्या होत्या. मी बायकांत बसले होते, बाजूला माझा कंदील. पूर्वरंग संपत आला आणि वर विमानाचा आवाज आला. इतका खाली, की लहान मुलं आयांना बिलगली.

काका उठले. शिट्टी वाजवली. "दिवे! दिवे मालवा!"

बत्त्या सांभाळणारा लक्ष्मण म्हणाला, "काका, आवाज खाली खाली येतोय. आपलंच असंल हो, वाट चुकलेलं."

"मालव म्हणतो ना!"

लक्ष्मणचा हात घुटमळला. तेव्हा काकांनीच पुढे होऊन एका बत्तीची हवा सोडली. मग लक्ष्मणनं दुसरीची सोडली. मी माझ्या कंदिलाची वात खाली केली. गाव काळोखात गेलं.

विमान आमच्या डोक्यावरून फिरलं. लांब गेलं आणि परत आलं. पुन्हा फिरलं. वर कुणीतरी काहीतरी शोधत होतं, एवढं सगळ्यांना कळत होतं. मग आवाज घाटाखालच्या कोंडाणे गावाच्या अंगाला सरकला. थोड्या वेळानं त्या बाजूनं एक धप्प असा आवाज आला, फार मोठाही नाही. आणि घरघर थांबली.

बत्त्या लावायला सांगायचं काम काकांचं होतं. ते बोललेच नाहीत. शेवटी बुवांनी अंधारातच आरती म्हटली आणि माणसं उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच काका कोंडाण्याला चालत गेले. तिथला धर्मा म्हणून एक शेतकरी त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांना सोडायला संध्याकाळी आमच्या दारापर्यंत आला आणि ओट्यावर बसून काकूंना सांगू लागला, "आमच्या घरांवरनंच गेलं बगा. आमी मशाली घिऊन धावलो, पर आग लई व्हती, जवळ जाववत नव्हतं. येकलाच पोरगा व्हता आत. त्याला वरनं काय बी दिसलं नसंल. समदा ढग नि काळोख." काकूंनी त्याला खुणेनं गप्प केलं. काका चिखलाच्या पायांनी तसेच आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आठवड्यानं चौकशीला एक सरकारी अधिकारी आला. त्यानं विचारलं, "त्या वेळी गावात उजेड नव्हता?" काका म्हणाले, "नव्हता." अधिकाऱ्यानं वहीत टिपलं आणि त्यांचा हात हातात घेतला. महिन्याभरानं बंदोबस्त चोख ठेवल्याबद्दल शाबासकीचं पत्र आलं. काकांनी ते वाचलं नाही. काकूंनी तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिलं.

त्यानंतर काका तेच काम करत, तेच तीन दिवस थांबत, पण कधीही, अगदी गिऱ्हाईक समोर असतानाही, मला हाक मारून विचारत, "बाई, तुम्ही होतात तिथं. त्यानं फेऱ्या किती घातल्या? दोन की तीन?"

"दोन, काका."

"मला तीन आठवतात."

हा प्रश्न मला त्यांनी किती वेळा विचारला असेल! पुढे पुढे मलाही तिसरी फेरी ऐकू येऊ लागली.

लढाई संपली. त्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानापुढे एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. जुना कोट, हातात छत्री, काखेत कापडात गुंडाळलेला खोका. मी शाळेला निघाले होते.

"कर्णिक आपणच ना? मी श्रीधर गोगटे. साताऱ्याला हेडमास्तर होतो. माझा मुलगा मुकुंद हवाई दलात होता. तो इथे वर पडला."

काका उठले. पण पाठीमागे भिंत होती, त्यामुळे त्यांना नीट उभंही राहता येईना. ते तसेच अर्धवट वाकून उभे राहिले.

गोगट्यांना ती जागा पाहायची होती. काका त्यांना बैलगाडीनं कोंडाण्याला घेऊन गेले. पुढे धर्मानं वाट दाखवली. संध्याकाळी दोघे परत आले. काकूंनी नव्या पातेल्यात वरणभात केला.  हात धुऊन झाल्यावर गोगट्यांनी खोका सोडला.

आत प्लॅस्टिकचं विमान होतं, सुट्या तुकड्यांचं, विलायती. ते चिकटवून जोडायचं आणि शोभेला ठेवायचं. मुकुंदानं कॉलेजात असताना मुंबईहून आणलं होतं. परीक्षा झाली की जोडू म्हणाला, आणि मग भरती झाला.

"तो चालवत होता ते विमान हे नव्हे," गोगटे म्हणाले. "दुसरंच कुठलं तरी आहे. पण त्याच्या हातचं उरलेलं एवढंच. माझे हात थरथरतात. तुम्ही बारीक कामातले. जोडून द्याल?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. काकूंनी काकांकडे पाहिलं. दिवे मालवल्याचं सांगून टाकायची तीच वेळ होती. काका म्हणाले, "देतो."

गोगटे गेल्यावर काकू म्हणाल्या, "बरं केलंत बोलला नाहीत ते. म्हातारा जागेवर गेला असता."

 काका टेबलावर पांढरं फडकं पसरून एकेक तुकडा मांडत होते. एकवीस होते.

तसलं प्लॅस्टिक त्यांनी पूर्वी कधी हाताळलं नव्हतं. लाख नाही, शिंग नाही, बेकेलाइटही नाही. कित्येक उन्हाळे साताऱ्याच्या माळ्यावर ट्रंकेत राहून एकही तुकडा सरळ राहिला नव्हता. विमानाच्या धडाचे दोन उभे अर्धे होते, ते नाकाशी जुळवले तर शेपटीशी तोंड उघडत आणि शेपटीशी दाबले तर नाकाशी. उजवा पंख कसाबसा बसे. डावा वर वळला होता, पिकलेलं पान वळतं तसा, आणि धडाशी लावला की मधे फट राही. तिच्यातून कागद आरपार जाई.

खोक्यातली चिकटवायची नळी दगड झाली होती. काकांनी मुंबईहून प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारं ॲसिटोन मागवलं. त्याच्या वासानं माडीवर माझं डोकं दुखे. मग गरम पाण्याचा उपाय सापडला. पाण्यात धरलं की तुकडा मऊ होई, मग तो लाकडी ठोकळ्यावर दोऱ्यानं बांधून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दोरा सोडला की सरळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाकडा. उशाखाली घड्याळ ठेवणारा माणूस, त्याला तीन दिवसांत काय होतं ते बरोबर दिसे.

"थोडं घासा ना," काकूच एकदा म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

"त्या मुलाच्या वस्तूला मी कानस लावू?" काका इतक्या मोठ्यानं बोलले, की काकू हातातलं ताट घेऊन आत गेल्या.

दर महिन्याला ते साताऱ्याला एक पोस्टकार्ड लिहीत. अक्षर बारीक, ओळी सरळ. मला वाचायला देत, शुद्धलेखनासाठी. "श्रीयुत गोगटे यांस साष्टांग नमस्कार. धडाचे दोन्ही भाग जमले. शेपूट जमली. डाव्या पंखाला अजून फट आहे. उन्हाळ्यात माल ताणतो, म्हणून थांबलो आहे." एवढंच. साताऱ्याहून उत्तर येई, "घाई नाही. सविस्तर लिहावे." मग काका पुढच्या कार्डात सविस्तर लिहीत. पाणी किती गरम केलं, दोरा कुठला वापरला, फटीतून आता जाड कागद जात नाही, पातळ जातो.

अशी दीड-दोन वर्षं गेली. एका रविवारी सकाळी मी धुणं वाळत घालून जिना उतरत होते. दुकान बंद होतं, मधलं दार उघडं. टेबलावर विमान उभं होतं. पुरं. दोन्ही पंख सारखे. मी पायरीवर थांबले, हाक मारणार होते. तेवढ्यात काकांनी घड्याळाचं झाकण उघडायचं पातं घेतलं, डाव्या पंखाच्या सांध्यात टेकवलं आणि हळूच पिळलं. टक्क असा आवाज आला.

"काका!"

ते वळले. भिंग डोळ्यालाच होतं.

"बसला होता ना तो?"

"बसला होता," ते म्हणाले. "दिवाळीपासून बसलाय. दोनदा बसला."

"मग?"

"बसला तर ते न्यायला येतील. आले तर सांगायला लागेल." त्यांनी पंख फडक्यावर ठेवला. "बाई, मला जमत नाहीये ते. विमान जमलंय."

मी काकूंना हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. काकू चुलीपुढे बसून ऐकत होत्या. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कार्ड आहे का तुझ्याकडे? मला तेवढं लिहायला येत नाही. लिही. विमान तयार आहे, घेऊन जावे. खाली त्यांचं नाव घाल."

"काकू, त्यांना न विचारता?"

"विचारून काय होणार आहे? हा माणूस जेवत नाही, झोपत नाही. म्हातारा शिव्या देईल, मारील. मारू दे. लिही तू."

मी लिहिलं. माझ्या हातून त्या घरात झालेली एवढी एकच लुडबुड.

गोगटे आठव्या दिवशी आले. अधिकच वाकले होते. काकांना आधी काही माहीत नव्हतं. गोगट्यांना दारात पाहून त्यांनी पहिल्यांदा काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  दुकानाचं दार लावलं आणि गोगट्यांना आत नेऊन बसवलं. पंख दोन दिवसांपूर्वी पुन्हा चिकटवलेला होता. विमान त्यांनी फडक्यासकट आणून पुढे ठेवलं.

गोगट्यांनी हात लावला नाही. खूप वेळ पाहत राहिले. काकू चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच उभ्या राहिल्या.

"गोगटेसाहेब," काका म्हणाले. "त्या दिवशी गावात उजेड होता. देवळापुढे दोन बत्त्या होत्या. मी मालवल्या. एक ह्या हातानं. आपलंच विमान असेल असं मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. त्यानं फेऱ्या घातल्या. त्याला दिसलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण दिसण्यासारखं होतं ते मी मालवलं."

गोगटे विमानाकडेच बघत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

काकूंनी कप खाली ठेवला.

"पहिल्या वेळी आलो तेव्हा स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला विचारलं, कोण माहिती देईल. तो म्हणाला, कर्णिकांकडे जा, त्यांनीच दिवे घालवले होते. हा खोका मी मुंबईला भाच्याकडे द्यायला निघालो होतो. तो जोडणार होता." ते थांबले. "कर्णिक, मी रागानं दिला तो तुम्हाला. म्हटलं, बसू दे ह्या माणसाला मुकुंदाला पुढ्यात घेऊन. बसू दे रोज."

काका मान खाली घालून ऐकत होते. 

"मग तुमची कार्डं यायला लागली," गोगटे म्हणाले. "पहिलं मी फाडलं. दुसरं ठेवलं. माझ्या घरात मुकुंदाचं नाव कुणी काढत नाही. त्याच्या आईला सोसत नाही. धाकटा परदेशी आहे, त्याला वाटतं बाबांना त्रास होईल. दर महिन्याला कुणीतरी मला त्याच्या वस्तूबद्दल लिहीत होतं. शेपूट जमली, पंख जमत नाही. मी ते तिला वाचून दाखवू लागलो. ती ऐकते. बोलत नाही, पण ऐकते. परवा तुमचं कार्ड आलं, तयार आहे म्हणून. तिनं विचारलं, म्हणजे आता पत्र येणार नाही?"

त्यांनी विमान फडक्यासकट उचललं आणि काकांच्या बाजूला सरकवलं.

"हे मला नको. इथंच असू दे. तुम्ही लिहीत जा."

"काय लिहू?" काकांनी विचारलं.

"जमत नाही म्हणून लिहा."

ते संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला गेले. काका त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. जाताना दोघं काही बोलले की नाही, ते मला माहीत नाही. परत आल्यावर काकांनी भिंग लावलं आणि कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले.

पुढच्या वर्षी माझी अलिबागकडे बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी ट्रंक खाली आणून ठेवली आणि निरोप घ्यायला दुकानात गेले. काकांच्या टेबलावर गरम पाण्याचं भांडं होतं, वाफ येत होती. विमान समोर होतं, कुठे केसभर फट नव्हती. काकांनी पातं घेतलं, डाव्या पंखाच्या सांध्यात घातलं आणि पंख उघडला. फडक्यावर बाजूला ठेवला. उघडलेला सांधा भिंगातून नीट पाहिला. मग दौतीत टाक बुडवून कार्ड लिहायला घेतलं.

मी म्हटलं, "काका, नुसतं लिहिलं तरी चाललं असतं की. त्यांना कुठे दिसणार आहे?"

"खोटं कसं लिहू?" ते म्हणाले.

कार्ड वाळेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं, स्टेशनवरच्या पेटीत टाकायला. वाटेत मी वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक होती, ती मी तशीच राहू दिली.

"डाव्या पंखाला अजून फट आहे. वहिनींना नमस्कार सांगावा. पुढच्या महिन्यात पुन्हा बसवून पाहतो."